यजमान कोण? : परदेशस्थ नवदांपत्याचे घर आणि पाहुणचाराचे कथन

१

स्थलांतरितांच्या साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षेने ज्या संज्ञा हाताशी घेतल्या, त्यांत परात्मता, तुटलेपण, मुळांचा शोध, स्मरणरंजन आणि दुभंगलेले स्वत्व या प्रमुख आहेत. या संज्ञा निरुपयोगी आहेत असे नाही. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी एकच रूपक उभे आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. स्थलांतरित म्हणजे परक्याच्या घरी उतरलेला पाहुणा, असे ते रूपक होय. घर दुसऱ्याचे, नियम दुसऱ्याचे, भाषा दुसऱ्याची; पाहुण्याने अंग चोरून वावरावयाचे आणि कधीतरी परत जावयाचे. परत जाणे लांबत गेले की त्या लांबण्याचे दुःख म्हणजेच स्थलांतरिताचे साहित्य, अशी एक समजूत त्यातून रूढ झालेली दिसते.

हे रूपक अर्धेच खरे आहे. परक्या देशाचा पाहुणा असलेला हाच माणूस आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत दुसऱ्या कुणाचा तरी यजमान असतो. आईवडील येतात, सासूसासरे येतात, शिक्षणासाठी आलेला मावसभाऊ पहिले दोन महिने बैठकीच्या खोलीत अंथरूण टाकतो, कंपनीच्या कामासाठी आलेला जुना मित्र आठवडाभर राहतो. या प्रत्येक प्रसंगी जो काल पाहुणा होता त्याला ‘हे आमचे घर’ असे म्हणावे लागते. शहर दाखवावे लागते, रस्ते सांगावे लागतात, तिथल्या रीतीभातींचे समर्थन किंवा निदान स्पष्टीकरण करावे लागते. परक्या भूमीविषयी स्वामित्वाच्या भाषेत बोलण्याचा पहिला प्रसंग बहुधा हाच असतो. म्हणून पाहुणचार ही स्थलांतराच्या कथेतील किरकोळ घरगुती बाब नसून त्या कथेचा सांधा आहे, असे म्हणावयास हवे.

हा सांधा सर्वांत नाजूक कोठे असतो? ज्या घरात यजमानपण आणि वैवाहिक जीवन एकाच वेळी सुरू झालेले असते तेथे. परदेशी राहणाऱ्या नवविवाहित जोडप्याचे घर हे असे स्थान आहे. प्रस्तुत विवेचनात या स्थानाकडे आणि त्याच्या कथनाकडे पाहावयाचे आहे. या घराची कथा कोण सांगतो आणि कोण सांगत नाही, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

२

मराठी भाषेने या प्रश्नाची एक किल्ली स्वतःपाशीच ठेवलेली आहे. ‘यजमान’ हा शब्द मराठीत एकाच वेळी दोन अर्थांनी वावरतो. पाहुणचार करणारा तो यजमान. आणि स्त्री आपल्या नवऱ्याचा उल्लेख करते तेव्हा ‘आमचे यजमान’ म्हणते तोही यजमानच. होस्ट आणि नवरा यांसाठी एकच शब्द वापरणारी ही भाषा घर, विवाह आणि आतिथ्य यांची एक संपूर्ण व्यवस्था आपल्यापुढे मांडते. शब्दाचे मूळ यज्ञात आहे. संस्कृतात ‘यज्’ धातूची आत्मनेपदी आणि परस्मैपदी अशी दोन्ही रूपे होतात. ज्याला यज्ञाचे फळ मिळावयाचे तो ‘यजते’, आणि जो दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तो ऋत्विज ‘यजति’. ‘यजमान’ हे आत्मनेपदी रूप आहे. कर्म चार जणांनी करावे, फळ एकाने घ्यावे, ही विभागणी शब्दाच्या रचनेतच आहे. त्याचबरोबर यजमान एकटा यज्ञ करू शकत नाही. पाणिनीने ‘पत्नी’ या शब्दाची सिद्धी यज्ञसंयोगाशी जोडली आहे ती याच अर्थाने. तेव्हा पाहुणचाराचे कर्म जोडप्याचे, श्रमाचा मोठा भाग तिचा आणि यजमान ही पदवी त्याची, असा हा व्यूह आहे.

या व्यूहात नवविवाहितांचे स्थान कोणते? येथे धर्मशास्त्रातील एक तपशील विलक्षण बोलका आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने कोणाला कोणत्या क्रमाने जेवू घालावे याचे नियम आहेत. अतिथी आधी, घरचे नंतर आणि गृहस्थ व त्याची पत्नी सर्वांच्या शेवटी, हा सामान्य क्रम. मात्र काही जणांना अतिथीच्याही आधी, मनात किंतु न आणता, जेवू घालावे असे सांगितले आहे. त्यांत लहान मुली, आजारी माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांच्याबरोबर ‘सुवासिनी’ आहेत. आणि या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी नवविवाहित स्त्री असा घेतलेला आहे. स्त्रीच्या स्वातंत्र्याबाबत अत्यंत कठोर असलेल्या या ग्रंथालाही नव्या सुनेने पाहुण्याची वाट पाहत उपाशी राहू नये असे वाटते.

महाराष्ट्रातील लोकरीतीने हीच दृष्टी वेगळ्या मार्गाने जपली. लग्नाआधीचे केळवण, लग्नानंतर आप्तेष्टांनी जोडप्याला जेवायला बोलावणे, पहिल्या वर्षीचा दिवाळसण आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतील मंगळागौर या सर्वांचा अर्थ एकच आहे. नवीन जोडपे हे आधी पाहुणे असते. ग्रामीण बोलीत तर ‘पाव्हणं’ म्हणजे जावईच. सासरी आलेली सून राबत असेलही, पण यजमानपणाची जबाबदारी तिच्यावर नसते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांची असते. कोणाला बोलवावे, काय करावे आणि किती दिवस ठेवून घ्यावे हे ठरवणारी सत्ता दुसऱ्याकडे असते. त्या सत्तेचा जाच सर्वांना ठाऊक आहे. तिची सावलीही असते, ही गोष्ट मात्र ती सावली नाहीशी झाल्यावरच जाणवते.

परदेशात गेलेल्या नवदांपत्याच्या बाबतीत हा सगळा क्रम एकदम उलटतो. ज्यांना वर्षभर पाहुणे म्हणून मिरवावयाचे ते पहिल्या काही महिन्यांतच यजमान होतात. पंगतीतल्या पहिल्या पानावरून ती मुलगी एका विमानप्रवासात शेवटच्या पानावर येते. मधला काळ, म्हणजे पाहून शिकण्याचा, चुकण्याचा आणि सांभाळून घेतले जाण्याचा काळ, गळून पडतो. तिच्या संसाराचे पहिले परीक्षक तिचे पाहुणेच असतात.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. अमेरिकेने १९६५मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि शिकलेल्या भारतीयांची वाट मोकळी झाली. पुढे नव्वदच्या दशकापासून संगणक-व्यवसायातील तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्या पुरुषांच्या बायका ज्या परवान्यावर गेल्या त्यात त्यांची नोंद ‘अवलंबित’ अशी होती आणि त्यांना नोकरी करता येत नव्हती. त्यांपैकी काहींना ती मुभा २०१५मध्ये मिळाली. म्हणजे एका संपूर्ण पिढीतील उच्चशिक्षित नववधूंच्या वाट्याला आलेले दृश्य काम घर आणि घरी येणारे पाहुणे हेच होते. दुसरीकडे पाहुण्याचीही कायदेशीर व्याख्या झाली. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक फोड केली जाते, आणि मनुस्मृती तर एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हणते. तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्याची अक्कल काढणारी म्हण मराठीत आहे. परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या पारपत्रावर मात्र येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही तिथ्या असतात, आणि त्यांमधले अंतर पुष्कळदा सहा महिन्यांचे असते. हा अतिथी नव्हे. याला ‘सतिथी’ म्हणावे लागेल. तो एका रात्रीपुरता येत नाही, कायमचाही येत नाही. तो इतका काळ राहतो की घराला त्याची सवय व्हावी, आणि इतक्या निश्चितपणे जातो की त्या सवयीला अर्थ उरू नये.

३

असा हा भरगच्च अनुभव मराठी साहित्यात कोणाच्या दृष्टीने आलेला आहे? उत्तर स्पष्ट आहे : पाहुण्याच्या.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) मराठी वाचकाला परदेशाकडे पाहण्याची एक प्रसन्न रीत दिली. त्या रीतीचा केंद्रबिंदू जाऊन येणारा माणूस हा आहे. त्याचे कुतूहल, त्याची फजिती आणि त्याचे घराकडे वळून पाहणे यांतून ते लेखन उभे राहते. पुढील दशकांत मुले परदेशी स्थायिक होऊ लागली आणि त्यांच्याकडे जाऊन आलेल्या आईवडिलांच्या प्रवासवर्णनांचा एक स्वतंत्र प्रकारच मराठीत रुजला. या लेखनाची वाङ्मयीन गुणवत्ता बेताची असते म्हणून समीक्षेने त्याकडे दुर्लक्ष केले. पण एखादा समाज स्वतःविषयी काय सांगतो आणि काय वगळतो हे पाहण्यासाठी असे साधे लेखनच अधिक उपयोगी ठरते.

या प्रकारच्या लेखनाची निवेदनरचना पाहावी. मुलगा आणि सून प्रास्ताविकात कृतज्ञतेच्या वाक्यात येतात. त्यानंतर मुलगा मोटार चालवताना दिसतो आणि सून डबे भरताना. ‘सकाळी चहापोहे झाले आणि नायगाऱ्याकडे निघालो’ या धर्तीचे वाक्य अशा कोणत्याही वर्णनात शोभून दिसेल. मराठीच्या अकर्तृक रचनेने येथे आपले काम चोख केलेले आहे. पोहे ‘झाले’; ते कोणी केले हे वाक्याला सांगावे लागत नाही. धबधब्याच्या उंचीची नोंद होते, यंत्राने भांडी घासली जातात याचे नवल होते. मात्र पाहुणे येण्याआधी ती भांडी उसनी आणणारी, कामावर रजा मागणारी किंवा कामाचा परवानाच नसल्याने दिवसभर पाहुण्यांसोबत घरात राहणारी मुलगी निवेदनाच्या बाहेर राहते. यात लेखकाचा दुष्टावा नाही. निवेदनस्थानाची ती मर्यादा आहे. पाहुण्याला घर तयारच दिसते. ते तयार केले जाताना पाहणे पाहुण्याच्या वाट्याला येत नाही, आणि चांगल्या यजमानाने ते दिसू द्यावयाचे नसते.

या चित्राची दुसरी बाजू जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात आहे. मुलगा अमेरिकेत असलेले वृद्ध जोडपे आपल्या घरी येणाऱ्या परक्या माणसालाही सोबतीच्या ओढीने धरून ठेवू पाहते. तेथे यजमान आहेत, घर आहे, जेवण आहे. पाहुणा तेवढा नाही. मराठी मनाने या रिकाम्या घराचे दुःख मनापासून आपले मानले. त्याच वेळी समुद्रापलीकडे जे घर पाहुण्यांनी भरत होते, त्याच्या भरण्यातही काही ताण असू शकेल, हे मात्र मराठी रंगभूमीच्या आणि कथेच्या मध्यवर्ती प्रवाहाला फारसे जाणवले नाही. गौरी देशपांडे यांच्या कथात्म साहित्यात परदेशी घर करणारी मराठी स्त्री येते, ती स्वतःच्या आवाजात बोलते, आणि हे त्या लेखनाचे मोठेच यश आहे. पण तिचा झगडा स्वत्वाशी आणि नात्यांच्या बंधनाशी आहे. पाहुण्याच्या नजरेखाली संसार मांडू पाहणारी नवखी गृहिणी ती नव्हे. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ या संदर्भात वेगळे उठून दिसते. तेथे निवेदक राहणारी आहे आणि वाचक हा पाहुणा आहे. शीर्षकातील ‘माझं’ हा शब्दच यजमानपणाची घोषणा आहे. मात्र ते यजमानपण शहराचे आहे, घराचे नव्हे.

४

भारतीय लेखकांच्या इंग्रजी कथात्म साहित्यात हा विषय अधिक थेटपणे आलेला आहे, आणि तेथे तो वाचताना मराठीतील ‘यजमान’ ही संकल्पना अनपेक्षित प्रकाश टाकते.

अनिता देसाई यांच्या ‘बाय-बाय ब्लॅकबर्ड’ (१९७१) या कादंबरीत लंडनमध्ये राहणारे अदित आणि त्याची इंग्रज पत्नी सारा हे तरुण जोडपे शिक्षणासाठी आलेल्या देव या मित्राला घरी ठेवून घेते. कादंबरीच्या तीन भागांना आगमन, शोध व ओळख आणि प्रस्थान या अर्थाची नावे आहेत. ही सरळसरळ पाहुण्याच्या मुक्कामाची तीन पर्वे होत. पण आगमन पाहुण्याचे असले तरी प्रस्थान यजमानाचे आहे. इंग्लंडची निंदा करणारा देव तेथेच राहतो आणि इंग्लंडवर प्रेम करणारा अदित १९६५च्या युद्धाच्या सुमारास गर्भवती सारासह भारतात निघून जातो. ‘भटाला दिली ओसरी’ या म्हणीतला विनोद येथे शोकात्म झालेला आहे. अर्थात देवने अदितला घराबाहेर काढलेले नाही. देवच्या डोळ्यांनी आपले घर पाहू लागल्यावर ते घर आपले नव्हे असे अदितला दिसू लागते, असा तो क्रम आहे. पाहुणा यजमानाला त्याच्या पाहुणेपणाची आठवण करून देतो.

या कादंबरीतील सर्वांत अवघड जागा मात्र साराची आहे. देश तिचा, भाषा तिची, रस्ते तिचे. तरीही नवऱ्याचे मित्र जमतात तेव्हा स्वतःच्या घरात परकी होते ती तीच. यजमानपद नवऱ्याकडून येते, भूमीकडून नव्हे, हा ‘यजमान’ शब्दातील दडलेला नियम एका इंग्रज स्त्रीच्या वाट्याला आलेला पाहून मराठी वाचकाने थबकावे. भारती मुखर्जी यांच्या ‘वाइफ’ (१९७५) या कादंबरीतील डिंपल हे त्याचे दुसरे टोक आहे. लग्न होताच न्यूयॉर्कला आलेली ही मुलगी आधी नवऱ्याच्या परिचितांकडे पाहुणी म्हणून राहते आणि नंतर दुसऱ्या कुणाच्या तरी सजवलेल्या घरात. स्वतःच्या नावाने दार उघडावे अशी एकही जागा तिला मिळत नाही, आणि कथेचा शेवट नवऱ्याच्या खुनात होतो. त्या हिंसेचे कारण केवळ या एका गोष्टीत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि यजमानपण लादले जाणे जितके जाचक तितकेच ते कधीच न मिळणेही विघातक असू शकते, हे ही कादंबरी ध्यानात आणून देते.

५

झुम्पा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या संग्रहातील ‘धिस ब्लेसेड हाउस’ ही कथा या संपूर्ण प्रश्नाचे सर्वांत नेमके रूप आहे. संजीव आणि ट्विंकल हे नुकतेच लग्न झालेले जोडपे कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे नव्या घरात राहायला येते. स्वयंपाकघरातील फडताळात व्हिनेगरच्या बाटलीशेजारी ख्रिस्ताची एक मूर्ती सापडते. मग चित्रे, क्रूस, अंगणात मेरीचा पुतळा अशा वस्तू घराच्या कानाकोपऱ्यांतून निघत राहतात. ट्विंकलला हा खेळ वाटतो. ती त्या वस्तू मांडून ठेवते. संजीवला संकोच वाटतो, कारण गृहप्रवेशाच्या मेजवानीला त्याचे सहकारी आणि परिचित यावयाचे आहेत. लोक काय म्हणतील? आपण ख्रिस्ती नाही.

या कथेचे वाचन धर्मचिन्हे आणि सांस्कृतिक ओळख यांच्या अंगाने पुष्कळदा होते. पण येथे पाहुणचार किती पदरी आहे हे पाहणे अधिक फलदायी आहे. पहिला पदर असा की हे जोडपे स्वतःच पाहुणे आहे. घर कागदोपत्री त्यांचे झालेले असले तरी आधीचे रहिवासी अदृश्य यजमान म्हणून तेथे वावरत आहेत आणि सापडणारी प्रत्येक वस्तू म्हणजे त्यांनी मागे ठेवलेला पाहुणचार आहे. ट्विंकल तो स्वीकारते. संजीवला तो नाकारावयाचा आहे, कारण त्याला निर्भेळ यजमानपण हवे आहे. घराविषयीच्या त्यांच्या भांडणाचे मूळ सौंदर्यदृष्टीत किंवा धर्मात नसून, आपण येथे कोण आहोत या प्रश्नाला दोघांनी दिलेल्या दोन उत्तरांत आहे.

दुसरा पदर मेजवानीच्या रात्री उघडतो. भाताचा मुख्य पदार्थ संजीवने दिवसातले कित्येक तास खपून केला आहे. म्हणजे यजमानपणाची पदवी आणि श्रम असे दोन्ही त्याने एकत्र केले आहेत. रूढ व्यूह येथे मोडलेला आहे. तरीही पाहुणे जमल्यावर ते खेचले जातात ट्विंकलकडे. वस्तूंची कथा ती सांगते आणि पाहुण्यांना ती घरभर शोधाला लावते. सगळी मंडळी माळ्यावर चढते आणि यजमान खाली एकटा उरतो. त्याच्याच घरातून त्याच्या डोक्यावर पाहुण्यांच्या पावलांचा आवाज येत असतो. ती मोकळी शांतता त्याला क्षणभर हवीशीही वाटते. ट्विंकलने काढून ठेवलेले उंच टाचांचे बूट त्याच्या दृष्टीस पडतात, आणि चिडीच्या जागी दुसरेच काहीतरी त्याच्या मनात येते. मग मंडळी खाली येतात ती ख्रिस्ताचा एक जड, चांदीचा अर्धपुतळा घेऊन. तो सुंदर आहे, मौल्यवान आहे, आणि तो दिवाणखान्यातच राहणार हे संजीवला कळून चुकते. शेवटी तो पुतळा उचलून तो तिच्या मागोमाग चालू लागतो.

हा शेवट पराभवाचा की समर्पणाचा, यावर मतभेद संभवतात. ‘यजते’ आणि ‘यजति’ यांतील भेद येथे आठवावा. संजीव ओझे वाहतो, फळ दुसऱ्याकडे जाते. यजमान होऊ पाहणारा पुरुष कथेच्या अखेरीस ऋत्विज झालेला आहे, आणि ‘यजमान’ या पुल्लिंगी पदावर ट्विंकल बसलेली आहे. तिने हे पद मागितलेले नाही. राबून मिळवलेलेही नाही. यजमानाने घराचा मालक असले पाहिजे ही अटच तिने मानली नाही, म्हणून ते तिच्याकडे आले. परक्या वस्तूंना घरात जागा देता येते तीच पाहुण्यांनाही मोकळे करू शकते, असे या कथेचे म्हणणे दिसते.

मात्र या म्हणण्याची किंमतही कथेत आहे. मेजवानीत वडीलधारे कोणी नाही, सासू नाही, पाहुण्यांच्या मुक्कामाचे सहा महिने नाहीत. ट्विंकलचे स्वातंत्र्य एका रात्रीच्या, खऱ्या अर्थाने ‘अतिथी’ असलेल्या, पाहुण्यांसमोरचे आहे. संजीवची आई सुटकेसह त्या घरी येऊन राहिली असती तर माळ्यावरचा हा खेळ असाच झाला असता काय, हा प्रश्न कथेच्या बाहेरचा आहे. पण मराठी वाचकाच्या मनात तो उठल्याशिवाय राहणार नाही.

याच संग्रहातील ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेन्ट’ ही शेवटची कथा या प्रश्नाला शांतपणे सामोरी जाते. कलकत्त्यात ठरवून झालेल्या लग्नानंतर निवेदक १९६९मध्ये अमेरिकेत एकटाच येतो आणि शंभरी ओलांडलेल्या मिसेस क्रॉफ्ट यांच्या घरी खोली घेऊन राहतो. काही आठवड्यांनी पत्नी माला येते. नवराबायको एकाच घरात परक्या माणसांसारखे वावरतात. त्यांच्यातील अंतर कमी होते ते एका भेटीत : तो मालाला घेऊन वृद्धेकडे जातो, ती वृद्धा नव्या वधूला नखशिखान्त न्याहाळते आणि आपली पसंती स्पष्ट शब्दांत देते. त्या क्षणी ते दोघे एकमेकांकडे पाहून प्रथमच हसतात.

या प्रसंगाची ताकद कशात आहे? नवदांपत्याला त्याचे हक्काचे स्थान, म्हणजे पाहुण्याचे स्थान, येथे परत मिळते यात. कुणातरी वडीलधाऱ्या व्यक्तीच्या घरी जोडीने जावे, पाहिले जावे आणि पसंत केले जावे, ही जी गोष्ट केळवणात किंवा दिवाळसणात सहज घडते, ती परक्या देशात एका परक्या म्हातारीकडून घडते. आधी पाहुणे होऊ दिले म्हणूनच ते जोडपे पुढे यजमान होऊ शकले, असे कथेची घडण सांगते.

६

पाहुणचाराच्या तत्त्वविचारात झाक देरिदा यांचे विवेचन महत्त्वाचे मानले जाते. १९९७मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या मांडणीनुसार निरपेक्ष आतिथ्य आणि नियमबद्ध आतिथ्य यांत न सुटणारा ताण आहे. घराचा स्वामी असल्याखेरीज आतिथ्य करता येत नाही, आणि स्वामित्व राखले की आतिथ्य सापेक्ष होते. त्याआधी एमिल बाँव्हनिस्त यांनी लॅटिनमधील पाहुणा आणि शत्रू या अर्थांच्या शब्दांचे नाते दाखवून दिले होते. या विचाराचा उपयोग मोठा आहे, पण त्याची एक मर्यादाही येथे स्पष्ट व्हावी. त्या विचारात उंबरठ्यावर दोघेच उभे असतात : आत असलेला आणि बाहेरून आलेला. आत एकाहून अधिक माणसे आहेत, त्यांच्यात पदवी आणि श्रम यांची विभागणी झालेली आहे, आणि बाहेरून येणारा आतल्या एकाचा सख्खा तर दुसऱ्याचा जवळजवळ अनोळखी आहे, ही स्थिती त्या मांडणीत पुरेशी सामावत नाही. मुलाची आई येते तेव्हा ती मुलाला पाहुणी नसतेच. पाहुणी असते ती सुनेला. सुनेची आई येते तेव्हा हे नाते उलटते. एकाच दाराने आलेली एकच व्यक्ती घरातल्या एकाला घरची आणि दुसऱ्याला परकी असते. यजमान, यजमानीण आणि पाहुणा हा तीन कोनांचा व्यूह आपल्या भाषेत उपलब्ध असताना तो दोन कोनांत बसवण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. अशा घरगुती तपशिलांतून समाजशास्त्र हाती लागेल, साहित्यविचार नव्हे, असे म्हटले जाईल. पण वर पाहिलेल्या संहितांत हा तपशील आशयाला वरून चिकटवलेला नाही. देसाईंच्या कादंबरीची त्रिखंड रचना, लाहिरींच्या पहिल्या कथेतील वरचा माळा आणि खालचा दिवाणखाना यांचा अवकाश, दुसऱ्या कथेतील एका भेटीवर तोललेला कथेचा तोल, मराठी प्रवासवर्णनातील अकर्तृक वाक्य या सगळ्या रूपाच्या गोष्टी आहेत. कोण यजमान आणि कोण पाहुणा हा प्रश्न या संहितांच्या रूपातच विचारला गेला आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर निष्कर्ष असा की परदेशाविषयीचे आपले साहित्य मुख्यतः पाहुण्याने लिहिलेले आहे, आणि आपली समीक्षाही पाहुण्याच्याच बाजूने वाचत आली आहे. स्थलांतरिताचे दुःख म्हणजे घर सुटण्याचे दुःख, असे गृहीत धरल्यामुळे घर मांडण्यातील अडचण, भीती आणि क्वचित लाभणारा आनंद हे विषयच नव्हेत असे वाटत राहिले. पुण्याहून किंवा साताऱ्याहून आलेल्या सासूसासऱ्यांना अनोळखी शहरातल्या विमानतळावरून आणायला निघालेली, लग्नाला चार महिने झालेली मुलगी मराठी कथेत येईल तेव्हा ती नुसती ‘परदेशस्थ मराठी स्त्री’ म्हणून वाचली जाऊ नये. पंगतीतले पहिले पान तिचे होते आणि ते उचलून तिच्या हातात वाढणी दिली गेली, हे त्या वाचनाला दिसले पाहिजे. तिने त्यावर काय केले, रागावली की रमली, घर बंद केले की ट्विंकलसारखे उघडून टाकले, हे तिच्या तोंडून ऐकणे हा यापुढच्या लेखनाचा भाग आहे. ते ऐकू येण्यासाठी ‘पोहे झाले’ या वाक्याचा कर्ता विचारण्याची सवय समीक्षेने स्वतःला लावून घ्यावयास हवी.